गाजराचं फूल डावीकडे

माझ्या मामाला लोक एकच प्रश्न विचारून भंडावून सोडतात. जपानी खायचं तर शहरात कुठे जावं? प्रश्न आला की मामा चष्मा कपाळावर चढवतो, जरा वेळ छताकडे बघतो आणि एखादी जागा सांगतो. लोक जातात, खातात आणि मागाहून फोन करून आभार मानतात. आता खरी गोष्ट अशी, की परवापरवापर्यंत मामाने कुठल्याही जपानी रेस्टॉरंटात बसून एक घासही खाल्लेला नव्हता. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे गुळणी धरून बसले होते, कारण चारचौघांत मामाचा जो मान होता त्यातला थोडा आमच्याही वाट्याला यायचा.

मामाचा धंदा खोट्या जेवणाचा. रेस्टॉरंटच्या दर्शनी काचेमागे वाडगे आणि ताटल्या मांडलेल्या असतात, सुपातल्या नूडल्स, वर अर्धं अंडं, मांसाचे काप, शेजारी ओळीने सुशी, ते सगळं प्लास्टिकचं असतं. आमच्या शहरातलं त्यातलं बहुतेक मामाने केलेलं आहे. खरा पदार्थ रेस्टॉरंटातून डब्यात भरून कारखान्यात येतो. कारखाना म्हणजे घरामागची लांबट खोली, तिच्यात एक भट्टी, एक पंखा आणि डोकं उठवणारा वास. मामा पदार्थाचा एकेक तुकडा सुटा करतो, त्यावर सिलिकॉन ओतून साचा काढतो, मग साच्यात पातळ प्लास्टिक ओतून भट्टीत घालतो. शेवटी सगळं खऱ्या वाडग्यात रचायचं आणि वरून रेझिनचं सूप ओतायचं. तोवर खरा पदार्थ गारढोण होऊन, सिलिकॉनने माखून, कचऱ्यात गेलेला असतो. म्हणजे मामाच्या घरी शहरातलं उत्तमातलं उत्तम जपानी जेवण येत होतं आणि ते कोणाच्याच तोंडात पडत नव्हतं.

मग तो लोकांना जागा कशा सांगायचा? अगदी सोपं होतं. ज्या खिडकीतला नमुना त्याला चांगला साधला असं वाटायचं, ती जागा चांगली. अंड्याचा पिवळा बलक नीट ओलसर दिसतोय ना, मग जा तिथे बिनधास्त. म्हणजे माणूस आयुष्यभर स्वतःच्याच हातच्या कामाची शिफारस करत होता. मी हे एकदा त्याला तोंडावर सांगितलं, तेव्हा तो मनापासून चकित झाला. त्याला खरंच वाटत होतं की तो जेवणाबद्दल बोलतोय.

स्वतःच्याच म्हणते, पण तेही पूर्ण खरं नाही. साचे मामाचे, रंग मामीचा. कच्चं प्लास्टिक साच्यातून निघतं तेव्हा त्यात जीव नसतो. मामी बारीक ब्रश घेऊन बसायची आणि मांसाच्या कापाला कडेने जळकटपणा यायचा, सुपावर तेलाचे ठिपके तरंगायचे. नाव मात्र मामाचं झालं. मामीला त्याचं काही नव्हतं. ती म्हणायची, लोकांशी बोलायचं काम तुम्हीच करा, मला जमत नाही.

मामाचा एक नियम होता आणि त्यावर तो अडून बसायचा. समोर जे आलंय तेच करायचं, पदरचं काही घालायचं नाही. एका मालकाने खिडकीतल्या वाडग्यात दोन कोळंब्या जास्त मागितल्या, तर मामाने ते काम परत पाठवलं. खाणाऱ्याला दोन देणार आणि खिडकीत चार दाखवणार, ही लबाडी माझ्या हातून व्हायची नाही, म्हणाला. खोटं जेवण करणाऱ्या माणसाचा खरेपणाचा हा तोरा बघून मला हसू यायचं. पण तो त्या तोऱ्यावरच जगत होता.

या वर्षी मामीला लांबलचक ताप आला. ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. मऊ भात दिला तरी कागद, दूध दिलं तरी कागद, फळ दिलं तर ओला कागद. घास तोंडात घ्यायची, फिरवायची आणि हळूच रुमालात काढून ठेवायची. हाडं दिसायला लागली. ब्रश धरला तर हात थरथरायचा, म्हणून कारखान्यात येणंही बंद झालं. डॉक्टरबाईंनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की चव कधी परत येईल ते सांगता येत नाही, पण पुढच्या तपासणीपर्यंत त्या आपणहून खायला लागल्या नाहीत तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. मामाने मान हलवली. 

मग सगळ्यांनी मामीच्या मागे लकडा लावला. काय खाशील सांग, जे म्हणशील ते आणू. माझी आई, म्हणजे मामाची बहीण, रोज डबा घेऊन यायची आणि रोज भरलेला डबा परत न्यायची. शेवटी एका दुपारी मामी वैतागून म्हणाली, "खायचंच असेल तर खिडकीतलं खाईन. जन्मभर रंगवलंय, एकदा खाऊन तरी बघते. पण शहरातलं सगळ्यात चांगलं. तुम्ही ठरवा, तुम्हाला तर सगळं माहीत असतं."

ती थट्टा करत होती की खरंच म्हणत होती, कोण जाणे. मामाने ते खरं धरलं. आणि त्याच क्षणी त्याची पंचाईत झाली, कारण आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न त्याला अशा माणसाने विचारला होता, ज्याच्यापुढे त्याचं छताकडे बघून भागणार नव्हतं.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. माझ्या सुट्टीच्या दिवशी सकाळीच मामा दारात उभा, इस्त्रीचा शर्ट घालून. म्हणाला, चल, आपण आधी सगळीकडे खाऊन बघू, मग तिला नेऊ. मी म्हटलं, मामा, अरे चव तिला लागत नाही, तू खाऊन काय करणार? तोवर चप्पल घालून तो पुढे निघालासुद्धा.

आधी आम्ही त्या उंच इमारतीतल्या रेस्टॉरंटात गेलो, जिथे पाणी वाढणारा माणूससुद्धा कुजबुजतो. समोर आला एक भला मोठा पांढरा दगड आणि त्यावर अंगठ्याएवढी सुशी. मामाने ती चष्मा काढून बघितली, चष्मा घालून बघितली, मग तोंडात टाकली. "कशी आहे?" मी विचारलं. "भाताचा दाणा सुटा दिसतोय," तो म्हणाला. मी चव विचारली होती. तो पुन्हा विचारात पडला आणि म्हणाला, बरी असावी.

तिथून बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर गेलो, तिथे ताटल्या पट्ट्यावरून फिरत येतात. मामाला एक ताटली आवडली म्हणून तो हात पुढे करणार, तोवर ती निघून गेली. पुढची बघेपर्यंत तीही गेली. पाच मिनिटांत त्याला घेरी आली. पाणी पिऊन आम्ही बाहेर पडलो आणि स्टेशनजवळच्या त्या अरुंद दुकानात शिरलो, जिथे उभ्याने खावं लागतं. मामाच्या पुढे रामेनचा, म्हणजे त्या सुपातल्या नूडल्सचा, वाडगा आला आणि त्याचा चेहराच उतरला. हा वाडगा त्याने केला होता, म्हणजे याचा प्लास्टिकचा भाऊ बाहेर काचेमागे बसला होता. पण हा वाडगा काही केल्या स्थिर राहीना. वाफेने मामाच्या चष्म्याच्या काचा धुरकटल्या, नूडल्स खाली बसायला लागल्या, अंडं घसरून कडेला गेलं, वरची कांद्याची पात सुपात बुडाली. "हे असं कसं? सगळं हलतंय," मामा मला म्हणाला, जणू काही मीच हलवत होते. मी म्हटलं, मामा, खरं आहे म्हणून हलतंय. खा.

त्याने खाल्लं. नंतरच्या ठिकाणीही खाल्लं, त्याच्या नंतरच्याही. प्रत्येक ठिकाणी मी विचारायची आणि प्रत्येक ठिकाणी तो म्हणायचा, बरं आहे. एका जागेचं सूप खारट होतं, एकीचं नुसतं पाणी होतं, एके ठिकाणी मांस असं शिजलं होतं की मला दुसरा वाडगा मागवावासा वाटला. मामाला यातला फरक कळत होता, तो काही बधिर जिभेचा माणूस नव्हे. पण फरक कळला म्हणून चांगलं कुठलं ते त्याला ठरवता येईना. दिसायला सगळे वाडगे एकसारखे होते आणि त्याचा भरवसा डोळ्यांवर होता.

एकसारखे म्हणजे किती, तर प्रत्येक वाडग्यात डाव्या बाजूला, काठाला टेकून, गाजराचं एक फूल. पाच पाकळ्यांचं. पहिल्यांदा मी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या ठिकाणी विचारलं. वाढणारी मुलगी म्हणाली, जपानमध्ये हे दीर्घायुष्याचं चिन्ह आहे. पुढच्या ठिकाणी सांगितलं, वसंत ऋतूचं. आणखी एकीकडे म्हणाले, डावीकडून खायला सुरुवात करायची असते, ते कळावं म्हणून. मामा मात्र प्रत्येक उत्तराला मान डोलवत होता. त्यांचं सगळं विचारपूर्वक असतं, म्हणाला.

शेवटी आम्ही कॅप्टनकडे गेलो. कॅप्टन कधीच कॅप्टन नव्हता, जहाजावर आचारी होता. जपानच्या बंदरांतून रामेन शिकून आला आणि या शहरातलं पहिलं जपानी रेस्टॉरंट त्याने काढलं. मामाने केलेला पहिला रामेनचा वाडगाही त्याचाच. बाकीचे सगळे त्या खिडकीपुढे उभे राहून शिकले आणि मामाकडे येऊन म्हणाले, आम्हाला कॅप्टनच्या खिडकीतल्यासारखाच करून द्या. आता कॅप्टन म्हातारा झाला होता आणि गल्ल्यामागच्या खुर्चीत बसून असायचा. मामाला बघून त्याला आनंद झाला. वाडगे आले. डावीकडे गाजराचं फूल होतंच. मी म्हटलं, आता मूळ माणसालाच विचारते, आणि विचारलं.

कॅप्टनने मामाकडे बोट केलं. "ते यांना विचारा. जपानमध्ये मी कुठे बघितलं नव्हतं. यांनी खिडकीतल्या वाडग्यात घातलं. मला वाटलं, यांचा अभ्यास असेल. मग गिऱ्हाइकं भांडायला लागली, खिडकीत फूल आहे, आमच्या वाडग्यात का नाही? तेव्हापासून रोज सकाळी गाजरं कोरतोय."

मामाच्या खायच्या काड्या हातातच राहिल्या. "तुमचाच निरोप होता," तो म्हणाला. "गाजराचं फूल हवंय म्हणून."

"मी कसला निरोप पाठवतोय?"

दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत बसले. अख्ख्या शहराची जपानी पद्धत, ते दीर्घायुष्य, तो वसंत ऋतू, या दोघांपैकी एकाच्याही पदरात पडेना. मी मामाला विचारलं, तो निरोप घेतला कोणी होता? मामा म्हणाला, घरी आला होता, तुझ्या मामीने सांगितलं. एवढं बोलूनही त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. माझ्या पडला. पण मी तोंड मिटून राहिले, कारण आजारी माणसाची झडती घ्यायची ही वेळ नव्हती.

घरी जाताना मामा फुटपाथवर मध्येच थांबायचा. समोर होतं तेच मी केलं, म्हणायचा, आणि समोर तर नव्हतंच. मग मी केलं काय? अंडं तरी खरं होतं का? मांस तीन काप होतं की दोन? मी त्याला हाताला धरून रस्ता ओलांडून नेलं. जन्मभराचा एक नियम हातचा सुटला होता आणि त्यात मामीला कुठे न्यायचं हेही ठरलं नव्हतं. मला त्याची इतकी दया आली की त्याच्यावर चिडावंसं वाटलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी टॅक्सी बोलावली. मामी दोन स्वेटर घालून मागे माझ्या खांद्याला टेकून बसली, मामा पुढे. तो ड्रायव्हरला म्हणाला, स्टेशनकडे घ्या. चौकात पोचतो तोच म्हणाला, नको, उभं राहून तिला जमणार नाही, उंच इमारतीकडे घ्या. तिकडे वळल्यावर त्याला आठवलं की तिथे अंगठ्याएवढ्या सुशीशिवाय काही मिळतच नाही. मग कॅप्टन. मग कॅप्टनही नको, कारण तिथे तो गाजराचा विषय निघेल. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मामीने डोळे मिटून घेतले होते आणि मला वाटायला लागलं होतं की आता ही म्हणेल, घरी चला.

सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा तिने डोळे उघडले. शेजारी एक दुकान होतं, अर्धं छत्र्या-पिशव्यांचं आणि अर्ध्यात चार टेबलं टाकलेली. काचेमागे रामेनचा एक वाडगा. मामी टॅक्सीच्या काचेला नाक लावून बघत राहिली.

"हे कोणी केलंय हो?" तिने विचारलं.

मामाने वळून बघितलं आणि त्याचा चेहरा कडू झाला. हे आपलं नाही, तो म्हणाला, कोणीतरी खेळण्यांचं प्लास्टिक वितळवून केलंय, ते अंडं बघ, बटणासारखं. ते खरंच भिकार काम होतं. नूडल्स दोरीच्या वाटत होत्या. पण डावीकडे, काठाला टेकून, गाजराचं फूल मात्र बरोबर होतं. मामी हसायला लागली. तापानंतर मी तिला हसताना बघितलं नव्हतं. हसता हसता तिला खोकला लागला आणि खोकता खोकता ती म्हणाली, "इथेच. इथेच खायचं मला."

मामा हादरला. इतकी वणवण करून जिथे आम्ही पाऊलही टाकलं नव्हतं, जिथला नमुनासुद्धा त्याचा नव्हता, तिथे? पण सिग्नल सुटला होता आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. आम्ही उतरलो.

आत एक बाई एकटीच सगळं करत होती. तिने टेबल पुसलं, तीन वाडगे आणून ठेवले आणि छत्रीच्या गिऱ्हाइकाकडे गेली. मामीने वाडग्यात बघितलं. बराच वेळ ती नुसती वाफ तोंडावर घेत बसली. मग मामाकडे न बघता बोलायला लागली.

"ही झाली ना, त्या दिवशी तुम्ही हिला बघायला दवाखान्यात पळालात," ती माझ्याकडे हात करून म्हणाली. "कॅप्टनचा वाडगा सुकायला ठेवला होता. सूप डावीकडे तडकलं, काठापाशी. सकाळी द्यायचा होता. कुठल्यातरी हॉटेलच्या सॅलडच्या नमुन्यातलं गाजराचं एक फूल उरलं होतं, ते चिकटवलं वर. तुम्ही ओरडाल म्हणून सांगितलं, निरोप आलाय."

 मामाने टेबलावरच्या तीन वाडग्यांकडे आळीपाळीने बघितलं. मग काचेमागच्या त्या बटणाच्या अंड्याकडे, मग रस्त्याकडे, जिकडे शहरातली बाकीची सगळी रेस्टॉरंटं होती आणि प्रत्येकात या वेळी कोणीतरी गाजरं कोरत असणार. त्याला खूप काही बोलायचं होतं. नियम, खरेपणा, परत पाठवलेल्या कोळंब्या. एरवी या विषयावर तो तासभर बोलतो. त्या दुपारी त्याला पहिलाच शब्द सापडेना.

"आणि तुम्ही एवढे हुशार," मामी म्हणाली, "तुम्हाला इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नाही, की गाजर इथे काय करतंय?"

"मला वाटलं, त्यांची पद्धत असेल," मामा म्हणाला.

मामीने काड्या बाजूला ठेवल्या आणि चमच्याने ते फूल उचललं. मग तोंडात टाकलं. मी रुमाल तयार ठेवला. ती चावत राहिली. मामाचा जीव असा टांगणीला लागला होता की तोही नकळत जबडा हलवत होता. मामीने गिळलं. घशातून ते खाली गेलेलं मला दिसलं.

"लागतंय का काही?" मामाने विचारलं.

"कच्चं राहिलंय," मामी म्हणाली. जरा थांबली. जीभ दातांवरून फिरवून बघितली. "पण गोड आहे."

मामाने मान खाली घातली. आपल्या वाडग्यातलं फूल तो काड्यांनी धरायला गेला, ते निसटलं, पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. शेवटी त्याने ते बोटांनीच उचललं, गरम सुपात बोटं भाजली तरी सोडलं नाही, आणि मामीच्या वाडग्यात, डावीकडे, रिकाम्या झालेल्या जागी नेमकं ठेवलं.